चिमूटभर बोरिक पावडर

जुलैतली सकाळ होती. रात्रभर फिरत ठेवलेली बरणी मिक्सरवरून काढली, झाकण उघडलं, तर आत स्लरी, म्हणजे बॅटरीची पावडर कालवून केलेलं पातळ पीठ, नव्हतीच. काळा खरवस होता. बरणी आडवी केली तरी हलेना, चमचा खुपसला तर उभाच राहिला. दहा-बारा दिवसांपूर्वी याच मापाने, याच बाटलीतल्या पावडरीची स्लरी केली होती आणि ती ॲल्युमिनियमच्या फॉइलवर घावनाच्या पिठासारखी सुरेख पसरली होती. मधल्या काळात बदललं होतं ते एवढंच, की पुण्यात पावसाची झड लागली होती.

मी तेव्हा पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय लिथियम-आयन बॅटरीतलं कॅथोड, म्हणजे तिचा धन ध्रुव, त्यातही त्याच्या कणांचा आकार. पृष्ठभागावर काम करायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. त्या आळलेल्या बरणीने मला तिकडे नेलं आणि पुढची अडीच वर्षं मी तिथेच रमले.

आमची पावडर म्हणजे एनएमसी ८११. दहा वाट्यांपैकी आठ वाटे निकेल, एक मँगनीज, एक कोबाल्ट. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये ऑक्सफर्डला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं, १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत तेच होतं. ते टिकाऊ, पण कोबाल्ट महाग आणि त्यातलं बहुतेक एकट्या काँगोतून येणारं. म्हणून कोबाल्ट काढून त्याच्या जागी निकेल भरत भरत जग ८११ पर्यंत आलं. फायदा मोठा आहे. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या एका ग्रॅममधून पूर्वी साधारण १४० मिलीअँपिअर-तास मिळायचे, ८११ मधून १९० ते २०० मिळतात. त्याची किंमत पृष्ठभाग मोजतो. निकेल जितकं जास्त, तितकी ही पावडर हवेला हळवी.

बरणी घेऊन मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी ती तिरकी करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "बाटली कुठे ठेवली होतीस?"

"डेसिकेटरमध्ये, मॅडम."

"त्यातलं सिलिका जेल बघून ये आधी."

निळे खडे फिकट गुलाबी झाले होते. म्हणजे ओल शोषून शोषून ते केव्हाच थकले होते आणि माझी बाटली, झाकण लावलेलं असलं तरी, दर वेळी उघडताना पावसाळी हवा पीत होती.

ही पावडर तयार करताना लिथियम जरा जास्तच घालतात, कारण भट्टीत थोडं उडून जातं. जे उडत नाही ते कणांच्या अंगाला चिकटून राहतं. त्यात हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड आले की ते आतलं लिथियमही बाहेर खेचतात. कणांवर लिथियम हायड्रॉक्साइड आणि लिथियम कार्बोनेटचा थर साचतो. दोन्ही अल्कधर्मी. स्लरीत कण एकमेकांना धरून ठेवायला पीव्हीडीएफ नावाचं बहुवारिक, म्हणजे बाइंडर, असतं, त्याला अल्क सोसत नाही. त्याच्या साखळीतून हायड्रोजन आणि फ्लोरिन निघून जातात, साखळीत दुहेरी बंध तयार होतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ पीठ आळून बसतं.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही, बारावीच्या प्रॅक्टिकलला केलेलं अनुमापन पुरतं. पाणी उकळून, झाकून गार करायचं, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यात पावडर काही मिनिटं ढवळायची आणि लगेच गाळायची. खाली येणारं पाणी स्वच्छ, काचेसारखं. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले की ते एकदम राणी रंगाचं होतं. मग ब्युरेटमधून विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. गुलाबी रंग गेला की पहिलं वाचन घ्यायचं. इथपर्यंत सगळं हायड्रॉक्साइड आणि निम्मं कार्बोनेट संपलेलं असतं. नंतर मिथिल ऑरेंज घालायचं आणि पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुन्हा आम्ल. हे दुसरं वाचन उरलेल्या निम्म्या कार्बोनेटचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की हायड्रॉक्साइड हाती येतं.

मी एकाच तयारीची दोन पाकिटं घेतली. एक सील न फोडलेलं, दुसरी ती डेसिकेटरमधली बाटली. बाटलीतल्या पावडरीला एकूण आम्ल दुपटीहून जास्त लागलं आणि गुलाबी गेल्यानंतरचा टप्पा तर संपता संपेना. माझा विश्वास बसेना म्हणून चार वेळा केलं, चारही वेळा तेच. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्याचं माप माझ्या ब्युरेटवर उमटत होतं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जाणवलं की कॅथोड म्हणजे नुसतं आतलं स्फटिक नव्हे. ज्याच्याशी बाइंडर, इलेक्ट्रोलाइट (बॅटरीत भरलेला द्रव), हवा सगळ्यांची गाठ पडते ते त्याचं अंगच आहे, आणि त्याकडे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

बॅटरीच्या आतही हाच पृष्ठभाग सोसत असतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट नावाचा क्षार असतो. पाण्याचा अंश, अगदी दशलक्षात काही भाग जरी असला, तरी त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते कॅथोडमधले धातू विरघळवतं, विरघळलेले धातू पलीकडे ॲनोडवर जाऊन बसतात आणि तिथलंही बिघडवतात. शिवाय पूर्ण चार्ज झालेल्या अवस्थेत निकेल अतिशय आक्रमक असतं, इलेक्ट्रोलाइटकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं, आणि कणाचा बाहेरचा थर हळूहळू निकेल ऑक्साइडसारखा, लिथियमला वाट न देणारा होऊन बसतो.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच केला. धुऊन टाकलं. पावडर पाण्यात दहा मिनिटं ढवळली, गाळली, निर्वात ओव्हनमध्ये वाळवली. अनुमापनात अल्क कुठल्या कुठे गेलेला. स्लरी पुन्हा घावनासारखी पसरली. मी खूश होऊन सेल बांधायला घेतले.

नाणेसेल बांधणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. वीस मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम ३.२ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा डबा. ग्लोव्हबॉक्समध्ये आर्गॉन भरलेला, बाहेरून जाड रबरी हातमोज्यांत हात घालायचे. खालच्या झाकणात कॅथोडची गोल चकती, तिच्यावर इलेक्ट्रोलाइटचे थेंब, मग सेपरेटरचा पातळ पडदा, पुन्हा थेंब, मग लिथियमची चकचकीत चकती, स्पेसर, स्प्रिंग आणि वरचं झाकण. सेपरेटर खाली हवेचा बुडबुडा राहिला तर सेल गेलाच. जाड मोज्यांमुळे बोटांना काही कळत नाही, सगळं चिमट्याच्या टोकावर चालतं. सुरुवातीला माझा प्रत्येक तिसरा सेल वाया जायचा. नंतर नंतर श्वास कधी रोखायचा ते कळायला लागलं.

दोन तासांत चार्ज, दोन तासांत डिस्चार्ज अशा वेगाने शंभर फेऱ्या करायच्या तर जवळपास सतरा दिवस लागतात. पण धुतलेल्या पावडरीचं भवितव्य पंचविसाव्या-तिसाव्या फेरीलाच दिसलं. न धुतलेल्यापेक्षाही तिची क्षमता वेगाने घसरत होती. पाण्याने अंगावरचं लिथियम तर नेलंच, पण स्फटिकाच्या बाहेरच्या थरातलंही नेलं आणि त्या जागी हायड्रोजन घुसवला. मळ काढताना कातडी सोलली गेली होती. मोठ्या कारखान्यांत निकेलबहुल पावडर धुतातही, पण पाणी आणि वेळ अगदी मोजून, आणि धुतल्यावर ती पुन्हा भट्टीत जाते. मी तिला तशीच उघडी ठेवली होती.

मग लेप. ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, लेप हा या क्षेत्रातला जुना रस्ता. ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड कोरड्या अल्कोहोलमध्ये घोळलं, त्यात पावडर घातली, अल्कोहोल उडून जाईपर्यंत ढवळलं आणि भट्टीत घातलं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते पाहून वाईट वाटलं. चुन्याची नीट न चाळलेली भुकटी भिंतीला फासावी तशा गुठळ्या होत्या आणि गुठळ्यांच्या मध्ये कण उघडे. जिथे थर होता तिथे जाड होता. ॲल्युमिना विजेला आणि लिथियमला सहज वाट देत नाही, त्यामुळे वेगाने डिस्चार्ज केलं की सेल दमून जायचे. एकसारखा थर हवा तर ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम आणि पाण्याची वाफ आळीपाळीने सोडून, दर फेरीला साधारण एक अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), असा चढवता येतो. त्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

दिवाळीला वाईला आजीकडे गेले तेव्हा हे सगळं डोक्यात घोळत होतं. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली होती आणि त्यांतली दोन कल्हईला द्यायची होती. कल्हईवाले आता दारावरून फारसे जात नाहीत, आजीने एकाला निरोप धाडून बोलावलं होतं. लहानपणी मी हे पाहिलं होतं, पण या वेळी त्याच्यासमोर पाटच मांडून बसले. त्याने भांडं आधी वाळूने घासघासून लख्ख केलं. भात्यावर तापवलं. नवसागराची पूड टाकली तशी पांढऱ्या धुराची लोट उठली. मग कथलाची कांडी आत नुसती टेकवली, कथील वितळलं, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने एका फेरीत ते सगळीकडे नेलं. आजीने भांडं उजेडात धरलं आणि बुडाशी एका जागी बोट ठेवून म्हणाली, "इथे उघडं राहिलंय. ताक कळकेल." त्याने मुकाट्याने पुन्हा तापवायला घेतलं.

कथील वितळतं. मी हेच विसरले होते. त्या भांड्याला सोसेल एवढ्या आचेवर ते पाण्यासारखं होतं, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात जातं. ॲल्युमिना माझ्या भट्टीत वितळण्याचा प्रश्नच नव्हता. मला असं काहीतरी हवं होतं की जे कमी तापमानाला वाहतं होईल, कणाच्या अंगावरचं नको असलेलं लिथियम स्वतःच गिळून टाकेल आणि त्याचाच लेप होऊन बसेल. बोरिक ॲसिड १७० अंशांच्या आसपास वितळतं, तापवत गेलं की पाणी सोडून बोरॉन ऑक्साइड होतं, आणि लिथियम हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेटशी गाठ पडली की लिथियम बोरेट. कॅरमवर सोंगटी सरकावी म्हणून आपण टाकतो तीच ही बोरिक पावडर. बोरॉनचा लेप ही कल्पना माझी नाही, त्यावर आधीच भरपूर काम झालेलं होतं आणि मी त्यातलं काही वाचलंही होतं. पण ते का चालावं हे मला आजीच्या अंगणात कळलं.

परत आल्यावर हिशेब मांडला. आमच्या पावडरीच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे ०.४ चौरस मीटर. वीस ग्रॅम घेतले तर आठ चौरस मीटर, म्हणजे माझ्या वसतिगृहातल्या दहा बाय नऊच्या खोलीची फरशी. वजनाच्या अर्धा टक्का बोरिक ॲसिड घ्यायचं तर शंभर मिलिग्रॅम, चिमटीत मावेल इतकं. ते सगळीकडे सारखं पसरलं तर बोरॉन ऑक्साइडचा थर सुमारे साडेतीन नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा जवळपास वीस हजारावा भाग. मी त्या रात्री खोलीत फरशीकडे बघत बसले होते. एवढ्या जागेवर ही चिमूट पुरवायची होती.

बोरिक ॲसिड अगेटच्या खलात अगदी मऊ होईपर्यंत घोटलं, पावडरीत मिसळून बंद बरणीत रुळांवर तासभर फिरवलं, मग ॲल्युमिनाच्या नौकेत भरून नळी-भट्टीत ३०० अंशांवर ऑक्सिजनच्या प्रवाहात पाच तास. द्रावक नाही, गाळणं नाही, वाळवणं नाही. बाहेर आलेली पावडर दिसायला तशीच काळी. एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात, १९२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ बोरॉनचं लहानसं शिखर उभं राहिलं तेव्हा मी यंत्रावरच्या दादांना ते पुन्हा एकदा घ्यायला लावलं. अनुमापनात हायड्रॉक्साइड जवळजवळ संपलेलं होतं. स्लरी पातळ. आणि सतराव्या दिवशी शंभरावी फेरी झाली तेव्हा लेप दिलेले सेल लेप नसलेल्यांच्या कितीतरी वर होते. मी आलेख छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिले.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छान आलंय गं. लेप न देता नुसती पावडर याच भट्टीत, याच ऑक्सिजनमध्ये, पाच तास तापवून पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. मी लेप दिलेल्या पावडरीची तुलना बाटलीतून काढलेल्या कोऱ्या पावडरीशी केली होती. एकीला भट्टी मिळाली होती, दुसरीला नाही.

मॅडमनी मला दोन जुने धागे जोडून दाखवले. २००१ मध्ये जेफिल चो आणि सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर झिर्कोनियासारख्या ऑक्साइडांचे लेप देऊन त्याचं आयुष्य कमालीचं वाढल्याचं मांडलं होतं, आणि लेपांची लाटच आली. मग कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात चेन आणि जेफ डान यांनी २००४ मध्ये दाखवलं की तीच पावडर कुठलाही लेप न देता नुसती पुन्हा तापवली तरी ४.५ व्होल्टपर्यंत उत्तम टिकते. हवेत राहून पृष्ठभागावर जे साचलं होतं ते उष्णतेने गेलं होतं. लेपाच्या नावावर जमा झालेलं श्रेय बरंचसं भट्टीचं होतं.

मला रात्री झोप आली नाही. तो आलेख माझा सगळ्यात चांगला आलेख होता आणि तो खरा आहे की नाही हे मलाच सांगता येत नव्हतं. सकाळी सहाला लॅबमध्ये गेले. दोन नौका घेतल्या, त्यांच्या बुडाला पेन्सिलीने खुणा केल्या, एकीत बोरिक घातलेली पावडर आणि दुसरीत कोरी, आणि एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या. तिसरी बाटलीतली, न तापवलेली. प्रत्येकीचे चार चार सेल. पुन्हा सतरा दिवस. या वेळी मी रोज सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या सायक्लरसमोर जाऊन बसले नाही, बसवलंच नाही.

नुसती तापवलेली पावडर मध्ये आली. आधी जो फरक मी सगळा बोरॉनचा मानला होता, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा एकट्या भट्टीचा निघाला.

खूप वाईट वाटलं, हे खरं सांगते. पण त्या मधल्या रेषेमुळेच पुढचं काम सुचलं. आता प्रश्न नेमका झाला होता. उष्णतेने काय होतं आणि बोरॉनने काय? तापवलेल्या पावडरीचं अनुमापन केलं तर ओल गेलेली, पण कार्बोनेट जवळजवळ तेवढंच. ते साहजिक आहे, लिथियम कार्बोनेट ७२० अंशांच्या पुढे वितळतं, ३०० अंशांना ते हलतही नाही. बोरिकवाल्या पावडरीत मात्र हायड्रॉक्साइड बोरेटमध्ये बदललेलं. मग दोन्ही पावडरी मुद्दाम, झाकण सैल ठेवून, लॅबच्या फळीवर आठवडाभर ठेवल्या. तेव्हा पुन्हा पावसाळा लागला होता, वेगळा दमट कक्ष शोधावाच लागला नाही. आठवड्यानंतर तापवलेलीची स्लरी दुपारपर्यंत आळली. लेपवालीची संध्याकाळीही चमच्यावरून सलग धारेने खाली येत होती. उष्णतेने अंग स्वच्छ केलं होतं, पण त्याला पांघरूण दिलं नव्हतं. कल्हईवाल्याने वाळूने घासून, तापवून, नवसागर टाकून भांडं तसंच परत दिलं असतं, तर ते चार दिवस छान दिसलं असतं.

सेलच्या आतही तसंच दिसलं. पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्या दोन्ही जवळजवळ सारख्या, त्यानंतर रेषा फाकायला लागतात. इम्पिडन्सच्या, म्हणजे सेलच्या आतल्या अडथळ्याच्या, आलेखातलं अर्धवर्तुळ तापवलेल्या सेलमध्ये फेऱ्यांबरोबर फुगत जातं, लेपवाल्यात फुगतं पण फार सावकाश. बोरिकचं प्रमाण दुप्पट करून पाहिलं तर टिकाव तेवढाच आणि वेगाचा डिस्चार्ज कमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या पुढे जाण्यात काही हशील नव्हतं.

शोधनिबंधात पहिल्या आलेखातला तो मोठा फरक गेला, त्याच्या जागी तीन रेषा आल्या: कोरी, तापवलेली, लेपवाली. एका परीक्षकाने आक्षेप घेतला की सुधारणा इतकी लहान असेल तर लेप कशाला द्यायचा. आम्ही त्याला फळीवर ठेवलेल्या पावडरींच्या स्लरीचे फोटो आणि अनुमापनाचे आकडे पाठवले. निबंध स्वीकारला गेला.

आता माझ्यानंतर आलेला एक मुलगा फॉस्फेटचा लेप करतो आहे, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटपासून. अंगावरचं लिथियम त्यात लिथियम फॉस्फेट होऊन बसतं. परवा तो नौका भरत होता, मी शेजारी उभी होते. तीन नौका ओळीत होत्या. मधल्या नौकेच्या बुडाला माझ्याच अक्षरात पेन्सिलीने 'नुसती' असं लिहिलेलं आहे. ३०० अंशांना ती खूण पुसली जात नाही. त्याने तीत कोरी पावडर मोजून घातली, पातळ पसरली आणि सगळ्यांत आधी तीच भट्टीत सरकवली.